लहान चेहऱ्याच्या नोटा

आदेल्माच्या वडिलांनी कासिल्दा गावाबाहेरची जमीन विकली, ती डॉलर घेऊन. त्यातला एक डॉलरही त्यांनी बँकेत ठेवला नाही. गाव त्यांना हसलं. दहा वर्षांनी बँकांनी लोकांचे पैसे अडकवून दारं लावून घेतली. लोक रागाने बाहेर पातेली बडवत होते आणि म्हातारा घरात निवांत माते, आमचा पाल्याचा चहा, पीत बसला होता. त्या दिवसापासून आदेल्माला वडिलांचं म्हणणं कधीच खोटं वाटलं नाही. जाताना त्यांनी अठरा हजार डॉलर तिच्या हातात दिले. म्हणाले, "हे तुझ्या पोरांचे. तू फक्त सांभाळ."

तिने सांभाळले. बिस्किटांच्या डब्यात भरून, स्वयंपाकघराच्या भिंतीतली एक फरशी काढून तिच्यामागे. शाळेच्या भटारखान्यात तिने तीस वर्षं भांडी घासली, तिचा नवरा रेमो धान्याच्या कोठारावर पोती उचलत राहिला. डब्याला कोणी हात लावला नाही. मुलगा फाबियान देशातल्याच कोर्दोबा शहरात गेला, मुलगी मारिसोल स्पेनला. दोघांनाही आजोबांचे काही पैसे आहेत एवढंच माहीत होतं. किती, ते आदेल्मा सांगायची नाही. शेजारीण म्हणून मला मात्र सांगितलं होतं. कोणाला तरी सांगावंच लागतं.

मग रेमोचा खुबा गेला. विम्यातून कृत्रिम सांधा मिळणार होता, पण तो परदेशातून यायचा होता आणि येत नव्हता. दोन वर्षं झाली. खासगी डॉक्टरने दहा हजार डॉलर होतील एवढे पैसे सांगितले.

"जाडे," रविवारी आम्ही तिघं अंगणात बसलो असताना रेमो लाडाने म्हणाला, "तुझ्या बापाला विचार, जावयाला एक पाय उसना देतोस का."

"बाप गेला माझा. थट्टा नको त्याची."

"त्याची नाही गं, माझीच करतोय."

ती आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "इल्दा, उद्या माझ्याबरोबर येतेस का? एकटीने पिशवी घेऊन जायला भीती वाटते."

नोटा बदलायचं दुकान पुढून मोबाइलची कव्हरं विकायचं. मागच्या खोलीतल्या माणसाने नोटा उजेडात धरल्या आणि नाक मुरडलं.

"लहान चेहरा."

जुन्या शंभराच्या नोटेवरचं चित्र लहान आहे, नव्या नोटेवरचं मोठं. अमेरिकेत दोन्ही सारख्याच चालतात. आमच्याकडे नाही.

"शंभराला नव्वद देईन. या ओल लागलेल्यांना सत्तर."

"डॉलर तो डॉलर!" आदेल्मा म्हणाली.

"मग तिकडे अमेरिकेत नेऊन द्या, सेन्योरा."

मी तिला कोपराने ढोसलं. कापून घेऊनही ऑपरेशन होऊन वर उरत होते. तिने नोटा गोळा केल्या, एकेक सरळ करून डब्यात ठेवल्या आणि बाहेर पडली.

"माझ्या पोरांचा दहावा हिस्सा त्या कव्हरवाल्याच्या घशात घालू?" घरी येऊन ती म्हणाली. "थांबू या. भाव सुधारतो नेहमी. बाबा थांबलेच होते ना!"

रेमोने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थांबू की," तो म्हणाला. "मला कुठे धावायला जायचंय?"

त्यानंतर दर महिन्याला ती त्या दुकानात भाव विचारून यायची. रेमोची एक काठी होती, त्याच्या दोन झाल्या. दुसऱ्या हिवाळ्यात तो न्हाणीघरात पडला. इस्पितळात पडून पडून छातीत पाणी झालं आणि अकराव्या दिवशी संपला.

आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी पुरतात. मारिसोलला पोचणं शक्य नव्हतं. तिने अंत्यविधी फोनवर पाहिला. फाबियान आला. तीन दिवसांनी मी सूप घेऊन गेले तेव्हा आदेल्माने त्याच्यासमोर टेबलावर दोन पाकिटं ठेवली होती.

"आजोबांचे. तुझे नऊ, बहिणीचे नऊ. एकही मोडला नाही."

"नऊ काय?"

"हजार. डॉलर."

फाबियानने पाकीट उघडून पाहिलं. बापासारखाच तो, चिडला की आवाज खाली जातो.

"पप्पाला माहीत होतं?"

"म्हणजे काय? माहीतच होतं."

"आणि तो काठ्या टेकत फिरत होता."

"तुमच्यासाठीच ठेवले ना रे! मी माझ्यासाठी एक जोडा घेतला नाही."

"आम्ही कधी मागितले, मम्मा?" त्याने पाकीट मिटलं आणि तिच्याकडे सरकवलं. "मी हे कसे खर्च करू, सांग. कशावर?"

संध्याकाळच्या बसने तो गेला. मारिसोलनेही फोनवर नको म्हटलं आणि रडत फोन ठेवला.

आता दोन्ही पाकिटं टेबलावरच असतात. फरशीमागे ठेवायला तिला धीर होत नाही आणि दुकानात न्यायलाही नाही. परवा मी बसले होते तर म्हणाली, "इल्दा, तो एकदा ओरडला असता ना, दुखतंय म्हणून, तर मी त्याच दिवशी सगळे मोडले असते. एकदाही ओरडला नाही बघ."

मी मातेचा घोट घेत राहिले. आमच्या दोघींची भिंत एकच आहे, आणि तिच्या पलीकडे रेमोची खाट होती. आदेल्मा सकाळी बाजाराला गेली की तो ओरडायचा.

"नाही ओरडला," मी म्हटलं.