पाचवं कुलूप

आमच्या वाडीत कोणाकडे काय शिजतंय हे नुसत्या वासावरून सांगणारी माणसं होती. माझी आई त्यातली अव्वल. वरच्या मजल्यावर सुरमई तळली जाऊ लागली की ती खाली गॅलरीत जाहीर करायची, "जावई आलेत वाटतं." आणि जावई आलेले असायचे. गिरगावात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकवायला खिडकी लागत नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण कोणीतरी आमच्या गॅलरीत उभं राहूनच रचली असणार. मला या गुणाचा अभिमान होता. एका शुक्रवारी दुपारी याच गुणाच्या जोरावर मी एका बाईचं वाटोळं केलं आणि त्याबद्दल मला बक्षीस मिळालं.

आमचं ऑफिस परळला. आजारपणाच्या विम्याचे दावे तपासायचे, कागदपत्रांत खोट कुठे आहे ते शोधायचं, हे आमचं काम. सातजणांची टीम. लॉकडाऊनपासून सगळे घरूनच काम करत होतो. त्या वर्षी मार्चमध्ये फतवा निघाला, की ऑफिसपासून तासाभराच्या अंतरात राहणाऱ्यांनी मे महिन्यापासून रोज यायचं. लांब राहणाऱ्यांना घरून काम करायची सवलत. मी गिरगावातला, म्हणजे यादीत पहिला. तीन वर्षं लुंगीवर काम केलेल्या माणसाला पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून बसच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. मी आठवडाभर घरात धुसफुसत होतो.

टीममधल्या दोघांना सवलत मिळाली. एक अंबरनाथचा, आणि एक ती. तिचा पत्ता बदलापूरचा होता. ती माझ्याच वयाची, चाळिशीला आलेली, एकटी राहणारी, आणि आमच्यात सगळ्यात हुशार. एखाद्या फाईलवर मी दोन दिवस घालवावेत आणि तिने चहा पिता पिता त्यातली खोट दाखवावी, असं अनेकदा झालेलं. दाखवून वर "तुझ्या लक्षात आलंच असतं रे" असंही म्हणायची. मला त्याचाच जास्त राग यायचा. तिचे वडील आजारी असतात, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. याहून जास्त कोणी विचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये, सगळे अजून घरूनच असताना, मॅडमनी, म्हणजे आमच्या टीम लीडनी, शुक्रवारी दुपारी चार वाजता सगळ्यांना ऑनलाइन जमायला सांगितलं. एक तपासाचा खेळ होता. बंगल्यात खून झालाय, खोलीला पाच कुलपं आहेत, सापडलेल्या खुणांवरून एकेक उघडायचं आणि बाहेर पडायचं. खेळवायला एक मुलगी होती, तिला प्रत्येक वाक्याला आनंद होत होता. नियम एकच, कॅमेरा चालू आणि माइकही चालू. एरवी आम्ही माइक बंद ठेवूनच बसायचो.

पहिलं कुलूप तिने उघडलं. भिंतीवरच्या घड्याळांतला एक काटा उलटा होता, तो तिला दिसला. दुसरं अंबरनाथवाल्याने. त्याच्याकडे वीज गेली होती, घामाघूम होऊन तो फोनवरून खेळत होता. "शुक्रवार आहे ना, आमच्याकडे दुरुस्ती असते, पाचपर्यंत पंखासुद्धा नाही," असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं. तिसरं आणि चौथं पुन्हा तिने. मॅडम म्हणाल्या, "अगं, तू तर पोलिसात जायला हवं होतंस." मी एकही उघडलं नव्हतं. एकदा उत्तर सांगितलं ते चुकलं, त्यावर सगळे हसले. मीही हसलो.

पाचव्या कुलपाच्या आधी मला एकट्याला निरोप आला. खुनी तुम्ही आहात. आता प्रत्येकाने सांगायचं होतं की या क्षणी आपण कुठे बसलोय आणि आजूबाजूला काय आहे, त्यावरून टीमने खुनी ओळखायचा. टीमने मला पकडलं तर टीम जिंकली. टीमने भलत्यालाच पकडलं तर मी जिंकलो.

एकेकाने सांगितलं, मीही सांगितलं. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी बदलापूरला घरी आहे, आतल्या खोलीत बाबा झोपलेत." एवढं बोलली आणि मागे बघून म्हणाली, "एकच मिनिट हं, आलेच." खुर्ची रिकामी झाली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मागे पंखा गरगर फिरत होता. कुठेतरी भांड्यात पाण्याची धार पडल्याचा आवाज आला. आणि त्यामागून, लांबून, धबधब, धबधब, एकापाठोपाठ एक.

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. दर एप्रिलमध्ये आई मला पिशव्या उचलायला लालबागला न्यायची. तिथे मसाला कुटायचे डंख ओळीने चालू असतात, लोखंडी मुसळं एकाआड एक आपटत राहतात, आणि आपण तोंडाला रुमाल बांधून शिंकत रांगेत उभे. माझी मावशी तिथल्याच चाळीत राहायची. तिच्याकडे पाणी यायचं चार वाजून वीस मिनिटांनी. पाहुणा कितीही मोठा असो, चार वीसला मावशी त्याच्यासमोरून उठायची.

ती परत येऊन बसली आणि खेळवणाऱ्या मुलीला म्हणाली, "मला वाटतं खुनी हा आहे." तिने माझं नाव घेतलं. "हा मघापासून गप्प होता. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र, काही लपवायचं असलं की माणूस फार बोलतो, तसा बोलला." तिने मला बरोबर ओळखलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी नंतर अनेकांना सांगितलं, की त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त खेळ होता. ऑफिसचा नियम, सवलत, समोर मॅडम बसल्यात, हे काही आठवलं नाही. ते खोटं आहे. मला सगळं आठवलं होतं. ते आठवलं म्हणूनच मजा आली.

मी म्हणालो, "हिचंच बघा ना. ही म्हणते बदलापूरला आहे. मग बदलापूरला पंखा कसा फिरतोय? अंबरनाथला तर अंधार आहे." अंबरनाथवाला म्हणाला, "अरे हो. तिकडेही आजच बंद असते." मी विचारलं, "आणि तुमच्याकडे पाणी कधी येतं?" तो म्हणाला, "सकाळी." मग मी मांडी घालून बसल्यासारखा सावकाश, एकेक पत्ता टाकत गेलो. ही रोज चार वीसला उठते, मीटिंग असो नसो. चार वीसला पाणी कुठे येतं ते मला विचारा. आणि मागचा आवाज ऐका जरा. डंख आहेत ते, एक नाही, चार-पाच. "बाईसाहेब लालबागला बसल्यात. तिथून ऑफिस चालत दहा मिनिटं."

सगळे हसले. काय डोकं आहे रे तुझं, असं कोणीतरी म्हणालं. तिने हात पुढे केला आणि माइक बंद केला. तो आवाज थांबला. ती काहीतरी बोलत होती, ते आम्हाला ऐकू आलं नाही आणि कोणी तिला सांगितलंही नाही की माइक बंद आहे. मतं पडली. पाच मतं तिच्या नावावर. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं, की तुम्ही निर्दोष व्यक्तीला पकडलंत. मग माझं नाव, त्यावर फटाके. मॅडम हसत नव्हत्या. त्या वहीत काहीतरी लिहून घेत होत्या.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "छान खेळलास." मी त्याला अंगठा पाठवला. बक्षीस म्हणून आठवड्याभरात एक मोठा मग आला, त्यावर भिंग आणि टोपी. मी त्यातून चहा प्यायलो. चहा नेहमीसारखाच लागला.

सोमवारी तिच्याकडे राहण्याचा पुरावा मागितला गेला. मग सगळं बाहेर आलं. वडील गिरणी कामगार. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण गेल्या दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यात ती पुन्हा सुरू झाली होती. दुपारी शर्ट घालायचे, डबा मागायचे आणि दुसऱ्या पाळीला निघायचे. एकदा ते गिरणीच्या जागी झालेल्या टॉवरच्या फाटकाशी सापडले. वॉचमन हाकलत होता आणि हे त्याला हजेरीचं कार्ड मागत होते. बदलापूरच्या घरी नेलं तर रात्रंदिवस रडायचे. म्हणून ती बदलापूरचं घर बंद करून लालबागच्या त्यांच्या जुन्या खोलीत येऊन राहिली होती. नव्या नियमापुढे तिने पत्ता मात्र जुनाच ठेवला. मॅडमना ती म्हणाली, "मला काम सोडता येत नाही आणि त्यांना एकटं सोडता येत नाही. मी कुठे कामात कमी पडले ते दाखवा." मॅडम म्हणाल्या, "मला वाईट वाटतं गं, पण नियम सगळ्यांना सारखा. त्यात तू खोटं सांगितलंस." नोकरी वाचली तेच नशीब, असं आम्ही आपसात बोललो. आमच्यापैकी कोणी तिच्या बाजूने एक शब्द काढला नाही. मी तर नाहीच नाही.

मे महिन्यापासून ती ऑफिसात यायला लागली. बसायची जागा माझ्या शेजारी. सकाळी शेजारीण वडिलांना जेवू घालून जायची, मग दाराला बाहेरून कुलूप. टेबलावर तिचा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा असे, त्यात खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र. कॉट, गणपतीचं कॅलेंडर, एक म्हातारा. एका कानात इयरफोन. असं करत ती पूर्वीइतक्याच फाईली काढायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची, तेही नीट. मला वाटायला लागलं की ती विसरली. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

ऑगस्टमधली गोष्ट. दुपारचे चार वाजून गेले होते. मी तिच्याकडे एक फाईल मागायला वळलो. फोनच्या चित्रात कॉट रिकामी होती. मी म्हटलं, "बाबा दिसत नाहीत गं." हे मी अगदी सहज, चांगुलपणाने विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग कानातला इयरफोन काढला आणि माझ्यापुढे धरला.

"तुझा कान चांगला आहे ना," ती म्हणाली. "ऐक."

मी तो कानात घातला. धबधब, धबधब. जरा थांबून पुन्हा धबधब.

"डंख," मी म्हणालो.

"पावसाळ्यात कोण मसाला कुटून घेतं रे?"

मी पुन्हा ऐकलं. लाकडावर हात आपटत होता. दोन्ही हात, एकाआड एक. मग जवळून, दाराशी तोंड लावल्यासारखा, धाप लागलेला एक म्हातारा आवाज आला. "बाय, भोंगो झालो गो. दार उघड." मग पुन्हा हात. मग तेच. मी इयरफोन काढायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं. जोरात नाही, नुसतं धरलं.

"रोज चार वीसपर्यंत चालतं," ती म्हणाली. "नळ मी उघडाच ठेवून येते, बादलीत पाणी पडल्याचा आवाज झाला की थांबतात. त्यांना वाटतं मी आले."

समोरच्या टेबलावरचा कोणीतरी आमच्याकडे बघून हसला, काय ऐकताय रे दोघं, असं त्याने विचारलं.

तिने माझं मनगट सोडलं. "सांग ना त्याला," ती म्हणाली. "तू सांगतोस ते सगळे ऐकतात."

घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. मी इयरफोन कानात ठेवून तसाच बसून राहिलो.