अक्काची मोटार आणि उपरण्याखालचा हात

सुरुवातीलाच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आळंदच्या बाजारात तुरीचा व्यापार करणाऱ्याला भुतांसाठी सवड कुठली... जिवंत माणसंच पुरून उरतात. या सदरात कुणाला वडाखाली बाई दिसल्याचं वाचलं की मी हसून पान उलटायचो. आता माझ्यावर कोण कोण हसतंय ते बघू.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची. माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊनही आमच्याच घरी राहायची. दाजी फिरते फोटोग्राफर — आज या जत्रेत, उद्या त्या उरुसात, मुक्काम देवळाच्या ओसरीवर. बायकोला नेणार कुठं? आडावरच्या बायका मुद्दाम विचारायच्या, "दादला कधी न्यायलाय गं तुला?" अक्का घागर उचलून सरळ घरी यायची. आमच्या घरात तिला कुणी उणा शब्द बोलत नव्हतं. पण गुळाचा डबा उघडायच्या आधी ती माझ्या बायकोकडं बघायची... ते मला बघवत नसे.

एक दिवस दाजी धावतच आले. बिदरजवळ कमठाण्याच्या अलीकडं एका जहागीरदारांची शिकारीची मोटार विकायला निघाली होती. मोटार कसली, चाकावरचं घरच. लॉरीच्या सांगाड्यावर मुंबईहून खास बॉडी बांधून आणलेली.

"आत पलंग हाईत, चुलीची जागा हाय, तोंड धुवायला चिनीमातीचं भांडं हाय, अन् वर नळ," दाजी म्हणाले. "मागच्या अंगाला माझी डार्करूम बी हुईल."

अक्का दाराआडून ऐकत होती. "शिवा, तू बघ," ती म्हणाली. "तू बघितल्याबिगर घ्यायची न्हाई."

कारण बैल पारखावा तर मीच, असं आमच्याकडं सगळे म्हणत. आणि मोटार काय नि बैल काय, फरक शिंगांचाच, असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं!

तर आम्ही तिघं कमठाण्याला गेलो. जहागीरदारांचे मुन्शी मोठे अदबीचे, एका हातात पानाचा डबा, तो काही केल्या खाली ठेवायचे नाहीत. चिंचेच्या झाडांमागं शेड, शेडमध्ये ती मोटार... सागवानी फळ्या, पितळी बिजागऱ्या, खिडक्यांना बारीक जाळी. अक्काच्या चेहऱ्याकडं मी मुद्दामच बघितलं नाही. बघितलं असतं तर पारख तिथंच संपली असती.

मी कामाला लागलो. आधी दाजींना मोटार चालवायला लावली आणि स्वतः मागं उभा राहून चाल बघितली — मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागून सरळ जातात का. गेली. दार दहादा उघडून लावलं, कुठं घासलं नाही. पायरीवर उड्या मारल्या. प्रत्येक फळीवर बोटानं टकटक करून ऐकलं. टपावर घागरी ओतल्या आणि आत अक्काला वर तोंड करून उभी केली. "थेंब न्हाई," ती आतून म्हणाली. शेवटी खिशातली परखी काढली. परखी म्हणजे तुरीच्या पोत्यात खुपसून आतला माल बाहेर काढायची पोकळ लोखंडी सळई. वर चांगली तूर आणि आत किडकी, हे आमच्या धंद्यात रोजचंच. ती परखी मी खालून वरून जिथं तिथं टोचली. कुठंही आत गेली नाही.

मुन्शी हसले. "ये क्या बैल है क्या, मियाँ?"

"बैलच समजा," मी म्हणालो, आणि बैलबाजारात करतात तसं खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली समोरच्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव. मला अक्कासमोर आकडा बोलायचा नव्हता. ऐकला असता तर ती नकोच म्हणाली असती.

मी मुन्शींची बोटं धरली. तेवढ्यात उपरण्याखाली कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवला आणि माझं एक बोट अलगद सोडवलं.

मला वाटलं, मुन्शींचीच काहीतरी चलाखी. पुन्हा धरली. पुन्हा बोट सोडवलं. तिसऱ्यांदा त्या हातानं माझं मनगटच गच्च धरलं. थंडगार वगैरे काही नव्हता हो तो हात. चांगला कोमट, खरबरीत, घट्टे पडलेला... कामावरून उठून आलेल्या माणसाचा असतो तसा.

मी चिडलोच. "मुन्शीजी, सौदा एका हातानं करतात. दोन हात कामून घालायलाव?"

मुन्शी पांढरे पडले होते. दुसरा हात त्यांनी वर केला, त्यात पानाचा डबा तसाच. "मैं वोइच पूछने वाला था," ते हळू म्हणाले. "मेरी उंगलियाँ और कौन पकड़ रा?"

दोघांनी एकदम हात बाहेर ओढले. दाजी बॉनेटमध्ये वाकलेले, अक्का मोटारीत. जवळ दुसरं कुणी नाही. भर दुपार. आणि माझ्या मनगटावर, मुन्शींच्या बोटांवर, ओला काळा भुसा लागलेला. चिमटीत धरून वास घेतला... कुजलेल्या लाकडाचा.

माझी परखी तर कुठंच आत गेली नव्हती. मग हा भुसा कुठला? कुजायला पाणी लागतं, आणि या मोटारीत पाणी एकाच जागी — नळाखाली. तिथल्या लाकडाला वरून-खालून जस्ताचा पत्रा ठोकलेला होता, तो थेट पलंगाखाली गेलेला. पत्र्यात परखी शिरत नाही, आणि टकटक करून काय कळणार, पत्रा कसाही वाजतो. मी पलंग उचलला, खिळे उपसले, पत्रा वाकवला. खालचं आडवं लाकूड तंबाखूसारखं काळं. परखी लावली, ती मुठीपर्यंत आत गेली.

वर अक्काचा पलंग, आणि खाली चालत्या मोटारीत गरागरा फिरणारा चाकांचा दांडा. मी पास केली होती ती मोटार.

मुन्शींनी कानाला हात लावले. "हमको मालूम नई था, अल्ला कसम." पुढचा सौदा उपरण्याशिवाय झाला, उघड्यावर, आणि भाव त्यांनी स्वतःहूनच उतरवला. बिदरच्या सुतारानं बाभळीचं नवं लाकूड बसवलं, नळ बदलला. मग मी त्याच जागी परखी टोचली आणि परखीच वाकली!

आळंदात शिरलो तेव्हा हमालांनी पाठीवरची पोती खाली टाकली. दाजी उगाचच हॉर्न वाजवत होते. अक्का पुढं बसली होती, ताठ. आडाजवळ तिनं मोटार थांबवायला लावली आणि खिडकीतून विचारलं, "बायांनो, खजुरीच्या जत्रंला जायलो आम्ही. फोटो काढायचाय का कुणाला?" दोघी-तिघी पदर सावरत पुढं आल्या. असा विजय मी तुरीच्या सबंध धंद्यात कमावला नाही.

तो हात कुणाचा, हे मला आजही सांगता येत नाही. मुन्शींनी नंतर पुष्कळ चौकशी केली. त्या शेडमध्ये काही घडलेलं नाही, त्या मोटारीत कुणी मेलेलं नाही. भुसा दोघांच्या हाताला लागला, पण पांढऱ्या उपरण्यावर डाग नाही. तुमच्यापैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहा.

खजुरीच्या जत्रेत मी अक्काला भेटायला गेलो, तेव्हा हेच तिला विचारलं. ती मोटारीच्या दारात पदर खोचून उभी होती. डबा उघडला, कुणाकडंही न बघता गुळाचा खडा फोडला, आधणात टाकला.

"कुणाचा का असंना," ती म्हणाली. "पायरीवर कामून उभारलास? आत ये. माझ्या घरी पयल्यांदाच आलायस."