अंगातला मुकादम

धामणकर नाक्यावर सांधेदुखीचा दवाखाना टाकला की पेशंटच्या आधी किस्से जमायला लागतात. आणि खरं सांगते, बहुतेक किश्शांत येड्यासारखी वागलेली मीच असते!

*

सुरुवातीला पेशंटला आजार समजवायला मी चित्रं काढायचे. शरीरात डेंड्रायटिक सेल नावाची फांद्या फुटलेली पेशी असते. सापडेल त्याचा नमुना उचलून ती लढणाऱ्या पेशींना दाखवते. हा आपला, सोडा. हा परका, हाणा! तिचीच ओळख चुकली की शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. हे सगळं खारबावच्या एका काकांना कागदावर काढून दिलं. महिन्याने काका आले ते तोंड पाडूनच.

"मॅडम, तुमचं ते चित्र बघितलं तवापासून खेकडा खाल्ला न्हाय!"

माझी चित्रकला तिथेच संपली.

*

मग म्हटलं, पॉवरलूमच्या भिवंडीत राहून लूमची भाषा का नको? डेंड्रायटिक सेल म्हणजे मुकादम! एका लूम कामगाराला सांगितलं, तुमचा मुकादम बिथरलाय, आपल्याच माणसांवर पोरं सोडतोय.

"तो निकाल दो ना उसको!"

"नाही काढता येत. एरवी तोच सगळ्यांना आवरतो. अपना आदमी है, जाने दो, म्हणतो."

"मॅडम, ऐसा मुकादम भिवंडी में तो नहीं है."

*

एकदा ओपीडी तुडुंब. मास्क लावलेली एक बाई रांग सोडून सरळ आत! मी ओरडले, "बाहेर! नंबर लावा!" बाई निमूट गेली. तासाभराने नंबर लागल्यावर माझ्यापुढे डबा ठेवून म्हणाली, "भाजी गार झाली." माझ्या सासूबाई!

आमची नर्स छायाताई हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचा पण मुकादम गेला कामातून."

*

जुलेखाचाचींच्या वेळी मात्र हसू पळालं. चाचींचे स्वतःचे चार लूम. तुटलेला धागा अजून त्याच जोडायच्या. बोटं सुजून मूठ वळेनाशी झाली होती, बोटं वाकडी व्हायला लागली होती, आणि एकदा कायमची वाकली की मला सरळ करता येत नाहीत. मी मुकादमाची गोष्ट सांगितली आणि त्याला ताळ्यावर आणायला आठवड्याची एकच गोळी दिली, दर शुक्रवारी. दोन महिन्यांनी बोटं आणखी वाईट! मी डोस वाढवायला निघाले, तेवढ्यात छायाताईने विचारलं, "चाची, गोळी घेता ना?"

"शुक्रवारी लूम बंद असतात बेटा. मुकादम सुट्टीवर, मग गोळी कुणासाठी?"

एकही गोळी पोटात गेली नव्हती. भिवंडीत जन्म काढून मी शुक्रवार निवडला! मला रडूच आलं. गोळी बुधवारवर नेली.

*

परवा चाची आल्या. सलाम नाही, काही नाही. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळून थेट माझ्या नाकासमोर! मी खुर्ची मागे सरकवली. छायाताई धावली.

"घाबरतेस काय? वर्षाने वळली मूठ! खोलायचं मनच होईना. रिक्षात पण दांडा डाव्या हातानेच धरून बसले!"