सालीपर्यंतच माझा हात

"साल तू काढू नको."

मॅडम माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. मी जाळापुढे उकिडवी बसलेली. पहिलं वांगं भाजून झालं होतं. देठाला धरून ते बाहेर ओढलं, राख फुंकली आणि सालीला नख लावलं. तेवढ्यात हे.

मला वाटलं, हात भाजेल म्हणून सांगतायत. मी हसले. म्हटलं, "सवय आहे मॅडम, पोळत नाही मला."

"पोळायचं नाही गं. भाजून झालं ना तुझं? पुढचं कमलअक्का करतील. तू जरा तिकडे सरक."

आजूबाजूला माझ्या मुलीच्या शाळेतली माणसं खुर्च्या टाकून बसली होती. ऑफिसातले क्लार्क, शिक्षिका, संस्थेचे नाना, दोन-चार पालक. कोणी मान वर केली नाही. कमलअक्का म्हणजे शाळेतल्या आयाबाई. त्या आल्या. वांगं माझ्या हातातून घेतलं नाही, खाली ठेवायला लावलं. मग फडक्यानं पुसून उचललं. साल निघाली आणि आतला पांढरा गर परातीत पडला.

म्हणजे काळ्या सालीला माझा हात चालत होता. आतल्या गराला चालत नव्हता. आणि मी तिथं गेले कशाला होते? आभार मानायला.

मुळापासून सांगते.

आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहतो. विहारामागच्या गल्लीत दोन खोल्या. नवरा रिक्षा चालवतो. मी केळीच्या पॅकिंगला जाते, आणि थंडी पडली की भरीत सेंटरवर वांगी भाजते. मुलगी एकच, संघमित्रा. घरी मित्रा. तिला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून आरटीईचा फॉर्म भरला होता. सोडतीत नंबर लागला तेव्हा नवऱ्यानं भर रस्त्यात रिक्षा बाजूला घेतली आणि फोनवर ओरडला, "लागना! आपली मित्राना नंबर लागना!" मागं बसलेल्या बाईनं भाडं देताना त्याचं अभिनंदन केलं म्हणे.

कागद तपासले गेले. प्रवेश झाला. आता आभार मानायला हवेत, असं मीच म्हटलं. पण कसे मानतात ते दोघांनाही माहीत नव्हतं. आमच्या घराण्यात ऑफिसात जाऊन आभार मानायची वेळ कधी आलीच नव्हती. कामं झाली असती तर आभार मानले असते ना! शेवटी अर्धा किलो पेढे घेतले. चांगल्या दुकानातले. मी लग्नातली साडी नेसले.

शाळेच्या ऑफिसला खिडकी आहे. खिडकीत ह्याच मॅडम, प्रवेशाचं बघणाऱ्या. मी बॉक्स पुढे केला. "मॅडम, तुमच्यामुळे माझ्या पोरीला शाळा मिळाली."

त्यांच्यासमोर मित्राची फाइल उघडीच होती. वर जातीचा दाखला. त्यांनी दाखल्याकडे बघितलं, मग बॉक्सकडे. "ठेव तिकडे," म्हणाल्या. मी काठावर ठेवला. उघडला नाही.

"काय करतेस तू?"

मी सांगितलं. भरीत सेंटरचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मागं वळून क्लार्कला म्हणाल्या, "ऐकलंत का? भरीतवाली आहे आपली." मग मला, "पेढे-बिढे राहू दे गं. तुझे आभार आम्ही हिवाळ्यात घेऊ. नानांच्या शेतावर भरीत पार्टी असते आमची. वांगी आण, भाजून दे. झाले आभार."

मी किती खूश झाले! मला वाटलं, केवढी मोठी माणसं, आणि माझ्या हातचं मागतायत. फाटकातून बाहेर पडताना मागं बघितलं तर वॉचमनच्या स्टुलावर माझा पेढ्यांचा बॉक्स होता. त्यानं एक तोंडात टाकला होता. "ताई, गोड आहेत," म्हणाला. तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

मग दिवाळीनंतर सुरू झालं. मित्राला सोडायला गेले की मॅडम फाटकाशी दिसायच्या. "काय गं, थंडी पडतेय हं." पालकसभेला गेले की, "विसरली नाहीस ना?" एकदा मित्राची डायरी घरी राहिली म्हणून मी द्यायला गेले, तर सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "हिचे आभार बाकी आहेत अजून." बायका हसल्या. मीही हसले.

भीती एकच. ही बाई रागावली तर पोरीची जागा जाईल. गल्लीत कोणी म्हणायचं, आरटीईच्या पंचवीस टक्केवाल्यांना वर्षाच्या मध्येच काढून टाकतात. कोणी म्हणायचं, नापास करतात. खरं-खोटं कोणाला विचारायचं? मित्रा तर रोज नवीन शब्द घेऊन घरी यायची. बादलीला, कढईला, बापाच्या रिक्षालासुद्धा इंग्रजीत नावं द्यायची. तिची शाळा माझ्या एका नकारावर अडकलीय, असं मला वाटायचं.

नवरा म्हणाला, "जाय एक डाव. पोरनी शाळा शे."

म्हणून गेले. बामणोदची हिरवी, मोठी, एकसारखी वांगी बघून घेतली. माझ्या पैशानं. मित्राला घरी सांभाळायला कोणी नव्हतं, तिलाही नेलं. नशिराबादच्या बाजूला आहे ते नानांचं शेत. मित्रा वाटेत रिक्षात उड्या मारत होती, कारण तिच्या बाकावरची रिया पण येणार होती. रियाच्या वडिलांचं सोन्याचं दुकान आहे.

आणि तिथं मला सांगितलं गेलं, साल काढू नको.

मी सरकले. खोटं कशाला बोलू, निमूटपणे सरकले. मॅडमनाही जरा कसंसं झालं असावं. हळूच म्हणाल्या, "आम्ही मानत नाही हं असलं काही. पण नानांच्या आई आल्यात. जुनं माणूस. समजून घे."

समजून घे! आमच्या सात पिढ्या समजूनच घेत आल्या.

कमलअक्का माझ्या शेजारी बसून वांगी सोलत होत्या. लाकडी बडगीत मिरची-लसूण ठेचला, त्यात गर घातला. मान वर न करता पुटपुटल्या, "मना हातमा काय शे व माय? पोटना सवाल शे." त्यांच्या हाताला चटके बसत होते. त्यांना सवय नव्हती. माझे सवयीचे हात मांडीवर रिकामे पडले होते.

त्या रिकाम्या हातांकडे बघताना मला सेंटर आठवलं. तिथला मालक नेहमी म्हणायचा, "मावशी, जाळावर तुझ्यासारखा हात नाही कोणाचा." म्हणून मी जाळावर. सोलायला त्याची भावजय, फोडणीला त्याची बायको. मला कधी आत बोलावलं नाही. पाणीही बाहेरच्या माठातलं. इतके हिवाळे मी ते कौतुक समजून मिरवत होते. गल्लीत सांगत होते. आणि केळीच्या पॅकिंगला लगेच काम कसं मिळालं, तेही त्या दिवशी उमगलं. केळीलाही साल असते.

राग आला. असा राग मला आधी कधी आला नव्हता. पण उठले नाही. मित्राची शाळा डोळ्यांसमोर होती.

पंगत बसली. सतरंज्या अंथरल्या, पुऱ्या आल्या, कांद्याची पात आली. रियाच्या वडिलांनी सगळ्या स्टाफला भिंतीवरची घड्याळं आणली होती, ती त्यांनी हातात हात देऊन वाटली. मॅडमना म्हणाले, "थँक्यू मॅडम. तुमच्यामुळे रियाची ॲडमिशन झाली."

मॅडम लाजल्या. "अहो, आभार कसले? आमचं कामच आहे ते!"

मी राखेजवळ बसून हे ऐकलं. नीट ऐकलं. त्यांच्या मुलीला प्रवेश देणं हे यांचं काम. माझ्या मुलीला देणं हे उपकार. शिक्का तोच, खिडकी तीच, बाई तीच.

तोवर मित्रा रियाशेजारी जाऊन बसली होती. रियानं तिच्यासाठी सरकून जागाही केली होती. मॅडम वाकून तिला म्हणाल्या, "मित्रा बेटा, तू मम्मीजवळ बस हं. तुला तिकडे देतील."

पोरगी उठली. फ्रॉक झटकला. माझ्याकडे चालत आली, राखेच्या कडेला बसली आणि विचारलं, "मम्मी, आपली लाइन इथं आहे का?"

शाळेत तिला लाइन शिकवली होती. प्रार्थनेची लाइन, डब्याची लाइन. तिला वाटलं, ही पण तशीच एक असेल. ती रडत नव्हती. नियम समजून घेत होती. मी अजून थोडा वेळ गप्प बसले असते, तर तो नियम तिला पाठ झाला असता.

दुसऱ्या वाढपाची वांगी जाळात होती. मी ती सगळी बाहेर ओढली. परात पुढ्यात घेतली आणि सोलायला लागले. फडकं नाही, काही नाही. दहाही बोटांनी. काळी साल बाजूला, पांढरा गर परातीत.

कमलअक्का घाबरल्या. "नको व माय! बठ्ठा पाही राह्यनात."

"पाहू द्या, अक्का."

मॅडम धावत आल्या. "अगं, काय करतेस? कोण खाणार आता ते?"

"मी खाईन. माझी पोरगी खाईल. आणि ज्याला भूक असेल तो."

एकदम सगळ्यांची पोटं भरली. आत्ताआत्तापर्यंत अजून भरीत हवं म्हणून ओरडणारे क्लार्क हात धुवायला उठले. नाना म्हणाले, "असू द्या, असू द्या, झालंच होतं सगळ्यांचं." रियाच्या वडिलांनी रियाला उचललं. तिच्या ताटात पुरी तशीच होती.

मी मित्राचा हात धरून पंगतीत गेले. रिया बसली होती त्याच्या शेजारच्या जागेवर तिला बसवलं, तिच्याजवळ मी. गरावर मीठ घातलं, पात मोडून टाकली. आम्ही दोघी जेवलो. समोरची सतरंजी रिकामी होती. तरी मी जेवले. पोटभर जेवले.

मग उठून मॅडमसमोर उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, माझ्या मुलीला प्रवेश दिलात. थँक्यू. आता त्या साहेबांना जे म्हणालात, तेच मला म्हणा."

त्या वळून आपलं घड्याळ पिशवीत घालायला लागल्या.

उरलेला गर मी डब्यात भरला आणि निघाले. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला. "पोरले काढतीन ते," एवढंच म्हणाला. मीही तेच धरून चालले होते. पण उद्या काय होईल ते उद्या, असं म्हणून आम्ही तोच गर भाकरीबरोबर खाल्ला.

सोमवारी मित्राला घेऊन गेले. वॉचमननं फाटक उघडलं. पोरगी आत गेली, रियाच्या मागं धावली. कोणी अडवलं नाही. मी खिडकीशी गेले.

मॅडम म्हणाल्या, "काल तू जो तमाशा..."

"मला 'तुम्ही' म्हणा," मी म्हटलं. "आणि एक विचारायचंय. मित्राची जागा कोणी काढून घेऊ शकतं का?"

क्लार्कनं मान वर केली. पाठीमागं दोन पालक उभे होते, तेही ऐकत होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "तसं काढता येत नाही. आठवीपर्यंत हक्क असतो तो."

"हे मला प्रवेशाच्या दिवशीच सांगायचं होतं, मॅडम."

तिथून सरळ सेंटरवर गेले. मालकाला म्हटलं, उद्यापासून सोलणार पण मीच, फोडणी पण मीच. तो दुसरीकडे बघत गल्ला आवरत राहिला. मला उत्तर मिळालं. ते काम मी सोडलं. हिवाळ्याची कमाई बुडाली, ओढाताण झाली, अजून होते. नवरा कधीकधी त्यावरून बोलतो. बोलू दे.

मित्राला मी थँक्यू म्हणायला शिकवलंय. पेन्सिल देणारीला म्हण. सरकून जागा देणाऱ्या रियाला तर म्हणच. पण जे तुझंच आहे ते हातात ठेवून कोणी वर आभार मागायला लागलं, तर त्याच्या डोळ्यांत बघ आणि गप्प राहा.

आता जूनमध्ये परत सोडतीवाल्या पोरांच्या आया येतील. ठेवणीतल्या साड्या नेसून, पेढ्यांचे बॉक्स घेऊन. त्या दिवसांत मी कामावर खाडा करणार आहे आणि फाटकाशी उभी राहणार आहे. एकेकीला थांबवून सांगणार आहे. सही करा. पावती घ्या. खिडकीत जो बसला असेल त्याला थँक्यू म्हणायचं असेल तर तिथंच म्हणा, उभ्यानं, ताठ मानेनं, आणि घरी जा. पेढे आपल्या पोरांना द्या.

आभार उधार ठेवू नका, बायांनो. ते हिवाळ्यात वसूल करतात.