रोमची पात

परवा आमच्या रिठद गावच्या शेतात रोमन साम्राज्याने दांडी मारली. हसू नका, सांगते...

मी बाहेरून परीक्षा देऊन एम.ए. करते आहे, इतिहासात. सगळे पेपर निघाले, एकच अडलाय... प्राचीन जगाचा. दोनदा बसले, दोनदा नापास. आता ही शेवटची संधी, यात गेले तर नोंदणीच संपते आणि बाकीचे निघालेले पेपरही पाण्यात.

माझी अडचण साधी आहे. रोम विचारा, घडाघडा सांगते. चीन विचारा, सातवाहन विचारा, तेही सांगते. पण तिकडे अमुक चालू होतं तेव्हा इकडे काय चालू होतं, असं कोणी विचारलं की डोकं रिकामं... आणि पेपर काढणाऱ्यांना नेमकं तेच विचारायचं असतं.

त्यात परीक्षा लांबली आणि ऐन निंदणात आली. गवत माजलेलं, मजूर मिळेना, म्हणून मीही खुरपं घेऊन सोयाबीनमध्ये बसले. अभ्यास कधी करणार होते, देव जाणे.

निंदताना प्रत्येक बाईची एक पात असते, म्हणजे गवत काढत पुढे सरकायची तिची पट्टी. सगळ्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, निघतात आणि बाजूबाजूने, बरोबरीने समोरच्या धुऱ्याला पोचतात. एक दिवस पात धरता धरता वाटलं... अरे, मला जमत नाही ते हेच तर आहे.

झालं. सोबत निंदणाऱ्या शेवंताकाकूंना चीन दिला, पुष्पाला रोम दिलं आणि सातवाहन-वाकाटक मी माझ्याकडे ठेवले. आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी, ती दुसऱ्या कोणाला कशी देणार? अलीकडच्या धुऱ्यावर पहिलं शतक, आणि पुढे सरकू तसतसा काळ पुढे; कोणाच्या पातीत तेव्हा काय घडलं, ते मी निंदता निंदता सांगायचे.

बायांनी आधी मनसोक्त हसून घेतलं. मग त्यांनाच गोडी लागली. शेवंताकाकू तर सकाळी आल्या आल्या विचारायच्या, "माह्या चीनचं कुठलोक आलं वं?" पुष्पाचा हात जरा धिमा, त्यामुळे रोम कायम मागे... बाकीचे देश तिच्यासाठी थांबून तंबाखू मळायचे.

एका दुपारी निम्म्यावरच्या पळसाजवळ पोचलो आणि माझ्या लक्षात आलं, चीनचे हान आणि आपले सातवाहन साधारण एकाच सुमाराला संपले. दोन्ही पाठ मी कितीदा वाचले असतील, पण ते पुस्तकात दूर दूर होते, कधी शेजारी बसलेच नव्हते. मी तिथेच, गवतात, एकटी हसत सुटले. फार फार आनंद झाला होता.

सासूबाई या सगळ्यात नव्हत्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चहाची किटली घेऊन यायच्या आणि धुऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसायच्या. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हाच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आता पुरे कर बाई हे. मेलेल्या राजायनं कोनाचं भलं केलं?" मी गुपचूप पुन्हा फॉर्म भरला... मला हा विषय आवडतो आणि मला तो पुरा करायचा आहे, यापलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं, आजही नाही.

तर परवा पुष्पा आलीच नाही. तिच्या नवऱ्याला पुण्यात बांधकामावर काम मिळालं, दोघं तातडीने निघून गेले. न भेटता गेली याचं वाईट वाटलं, आणि खरं सांगते, घाबरलेही. रोमचा शेवटचा भाग, तेवढाच राहिला होता आणि माझा घोटाळा नेहमी तिथेच होतो.

शेवंताकाकू म्हणाल्या, रोमही मीच सांभाळते. पण एक बाई दोन पाती कशा रेटणार? मी म्हटलं जाऊ द्या, रोम सोडून देऊ... आणि मान खाली घालून निंदायला लागले.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. किटली बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात देत आल्या आणि पुष्पाच्या पातीत बसल्या. मी म्हटलं, आई, गुडघा दुखेल तुमचा.

"दुखू दे. रोमाचे दोन तुकडे झाले, तठी थांबली होती तू. पुढं सांग."

दोन तुकड्यांचं मी पुष्पाला आदल्या दिवशी, तेही हळू आवाजात सांगितलं होतं. म्हणजे पाठ तिकडे होती, कान इकडे होते... आणि किती दिवसांपासून, कोण जाणे.

मग सांगत गेले. न अडखळता. आमचे वाकाटक अजून टिकून होते आणि पलीकडे पश्चिमेचं रोम पडलं. असं मी म्हटलं तेव्हा सासूबाईंचा हात थांबला. समोर धुऱ्यापर्यंत अजून बरंच गवत उरलं होतं, त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"पडलं तं पडलं," त्या म्हणाल्या, "पात तं काढाच लागन." आणि शेवटपर्यंत काढली. मधे एकदाही उठल्या नाहीत.

उद्या वाशिमला पेपर आहे. सकाळच्या एसटीने त्याही सोबत येणार आहेत, डॉक्टरला गुडघा दाखवायचा म्हणतात... माझा पेपर सुटेपर्यंत बाहेर थांबणार, असं मात्र नवऱ्याकडून कळलं.

आजवर मी ही परीक्षा माझ्या हट्टासाठी देत होते. यावेळी मला पास व्हायचंच आहे, कारण रोमचं काय झालं हे लिहायचं राहिलं, तर बाहेर आल्यावर सासूबाईंना काय सांगू?