डोंगल आणि दोन थालीपिठं
थालीपीठ भाजल्याचा वास आला की मला नोएडातलं ते ऑफिस आठवतं. मी तिथे स्वतंत्र प्रोग्रामर म्हणून काम करायचे, पण सॉफ्टवेअर त्यांचंच वापरायचे. फुकट मिळतंय तर विकत कशाला, एवढीच माझी अक्कल. संगणकामागे डोंगल नावाची ठोकळी खोचल्याशिवाय ते चालत नसे. मी डबा खायला उठले की मॅनेजर ती काढून खिशात टाकायचा. “पहले प्लीज बोलिए, मॅडम.” आणि मी बावळट, रोज हसून प्लीज म्हणायचे. शेवटी स्कूटरचा बेत सोडून मी तेच सॉफ्टवेअर स्वतःसाठी विकत घेतलं, डोंगलसकट. पुढे बड्या ग्राहकाला काम दाखवायच्या दिवशीच ऑफिसचं डोंगल बिघडलं. पाहुणे ताटकळलेले, मॅनेजर घामाघूम होऊन माझ्या टेबलाशी. “मॅडम, आपका वाला दीजिए ना, प्लीज.” मी माझं डोंगल काढून पर्समध्ये टाकलं, डबा उघडला आणि दोन थालीपिठं सावकाश खाल्ली. तो पुन्हा प्लीज म्हणाला, तेव्हा म्हटलं, “सर, अभी अचार बाकी है.” आज गुरुग्रामला माझ्यासारखंच स्वतंत्र काम करणारी नात विचारत होती, “आजी, क्लायंट सगळं देतोय यार, मी कशाला विकत घेऊ?” मी म्हटलं, “घेऊन ठेव गं. जेवण गोड लागतं.”