तासभर बसलो होतो

मेककाकांना मी ‘तासभर बसलो होतो’ असं सांगितलं, ते खोटं होतं. हे आजवर मी कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात काका सर्व्हर सांभाळायचे. बाकीचे लोक तयार पॅकेज उतरवून दोन मिनिटांत मोकळे होत. काका मूळ सोर्स कोड आणून, ‘मेक’ ही आज्ञा देऊन, सॉफ्टवेअर तिथल्या तिथे घडवत. म्हणून ते मेककाका. "पाकिटातला मसाला वाईट नसतो हो," ते म्हणत, "पण आपल्या घरच्यांना तिखट किती झेपतं, ते पाकिटाला कुठून कळणार?" विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याचं बाजारभावाचं पान खेड्यातल्या रडक्या नेटवर्कवरही उघडावं, म्हणून त्यांनी त्या सोर्समध्ये स्वतःचा एक छोटा बदल केला होता.

मेक चालू असताना ते खुर्ची सोडत नसत. "दूध तापत ठेवून कुणी बाहेर जातं का?" पडद्यावर ओळी सरकत राहायच्या आणि एरवी दिवसभर गप्प असणारा हा माणूस बोलायला लागायचा. काकू गेल्यापासून घरी टीव्ही लावत नाही, रिमोटवरून भांडायला कुणी नाही, हे त्यांनी मला अशाच एका मेकमध्ये सांगितलं. शेवटची ओळ आली की पुन्हा गप्प.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, तेव्हा त्या व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती बसवायचं काम माझ्याकडे आलं. "आधी माझा बदल घाला, मग मेक," त्यांनी बजावलं होतं. एकट्यानं त्या ओळींसमोर मला बसवेना. तयार पॅकेज टाकलं आणि घरी गेलो. संध्याकाळी त्यांचा फोन.

"मेक झालं?"

"झालं, काका."

"बसलात ना शेवटपर्यंत?"

"तासभर बसलो होतो."

"एकटेच? अरेरे. मला फोन लावायचा ना, गप्पा मारल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी लिलाव सुरू झाला आणि खेड्यांत पान उघडेना. मी घाईघाईनं जुनी आवृत्ती परत लावली, पान उघडलं, पण तोवर व्यापारी फोनच्या स्पीकरवर कडाडला होता, "काका, लय झालं! बंद करा तुमची हातभट्टी. यापुढं माझ्या सर्व्हरला हात नाय लावायचा." डॉक्टरांनी नको म्हटलेलं असूनही काका काळा चष्मा लावून ऑफिसात आले होते. "नव्या आवृत्तीत माझाच बदल बसला नसेल," ते हळूच म्हणाले. मी शेजारी उभा होतो.

मग ऑफिसात सगळीकडे पॅकेजच आलं. कामं दोन मिनिटांत उरकू लागली, आणि काकांना बोलायला जागाच उरली नाही. काही महिन्यांनी ते चांदवडला भाचीकडे राहायला गेले. त्यानंतर मलाही कुणी आपल्या घरातलं काही सांगितलेलं नाही.

परवा त्यांचा फोन आला. "तो बदल पुन्हा ओळ न् ओळ वाचला हो. चूक सापडत नाही. तुम्ही बघता का जरा?"

"बघतो," म्हणालो.

त्या दिवशी बदलाच्या त्या ओळी सर्व्हरवर नव्हत्याच. एवढं एक वाक्य मी काकांना देणं लागतो.